ल्यूअर कनेक्टर तडकतोय? मटेरियल आणि मोल्डिंगमधल्या या चुका टाळा

सलाइनच्या नळीला लागणारा पारदर्शक थ्री-वे (तीन तोंडांचा) किंवा ल्यूअर (निमुळत्या तोंडाचा) कनेक्टर कारखान्यातल्या गळती चाचणीत पास होतो आणि रुग्णाला लावल्यावर एक-दोन दिवसांत त्याला केसासारखी उभी चीर पडते. त्या चिरेतून औषध ठिबकते, हवा आत शिरते, जंतूंना वाट मिळते. तासाला मोजक्या मिलिलिटर औषधावर ज्याचा रक्तदाब टिकून आहे, त्या रुग्णाच्या हे जिवावर बेतू शकते. अशी तक्रार आली की ‘नर्सने जोरात आवळला असेल’ एवढ्यावर चौकशी थांबवणे ही पहिली चूक.

हे कनेक्टर बहुधा पॉलिकार्बोनेटचे असतात. पारदर्शक, चिवट, निर्जंतुकीकरणाचा इथिलीन ऑक्साइड वायू आणि गॅमा किरण दोन्ही सोसणारे, म्हणून निवड चुकीची नाही. पण ताण आणि रसायन एकाच वेळी वाट्याला आले की हे प्लास्टिक तडकते. ल्यूअरचा उतार ६ टक्के असतो. नर भाग आत रुतला की मादी भागाची भिंत सगळीकडून बाहेर ताणली जाते, आणि जोड लावलेला आहे तोवर तो ताण कायम राहतो. वरून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे किंवा आतून सोयाबीन तेलाचे लिपिड इमल्शन (पाण्यात घुसळलेले तेल) जाणे, एवढे निमित्त पुरते. प्रोपोफॉल हे भुलीचे औषधही लिपिड इमल्शनमध्येच असते, हे डिझाइन करताना बऱ्याचदा विसरले जाते.

चीर कुठे आहे ते आधी भिंगातून पाहा. गेटच्या (मोल्डमध्ये प्लास्टिक शिरते त्या जागेच्या) बरोबर समोरच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत सरळ गेलेली चीर म्हणजे वेल्ड लाइन उघडली आहे: वितळलेले प्लास्टिक कोअर पिनला (आतली पोकळी घडवणाऱ्या दांडीला) दोन्हीकडून वळसा घालून जिथे भेटते, तिथला सांधा कच्चा राहिला. गेटपाशी चांदणीसारख्या चिरा असतील तर तिथे पॅकिंगचा (भरलेल्या मोल्डमध्ये आणखी प्लास्टिक दाबण्याचा) दाब जास्त झाला आहे. नळी चिकटवलेल्या खोबणीत जाळीदार बारीक रेषा दिसल्या तर संशय सॉल्व्हंटवर घ्या. आणि भाग कुठेही, कसाही, काचेसारखा फुटत असेल तर प्लास्टिकचा दाणा (मोल्डिंगचा कच्चा माल) सुकवण्यात घोळ आहे.

दाणा ओला राहणे

सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पॉलिकार्बोनेट मशीनमध्ये २८० ते ३०० अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला दाण्यातले पाणी रेणूंच्या साखळ्या तोडते. म्हणून ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली हवा. त्यासाठी १२० अंशांवर ३ ते ४ तास, आणि साधा गरम हवेचा नव्हे, तर उणे ३० अंश किंवा त्याखाली दवबिंदू देणारा डेसिकंट ड्रायर लागतो. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात गरम हवेचा ड्रायर बाहेरची दमट हवाच तापवून आत सोडतो. सुकवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये ठेवला तर काही मिनिटांत पुन्हा ओलावा धरतो. हॉपर बंद ठेवा आणि लागेल तेवढाच माल खाली घ्या.

चंदेरी रेघा दिसल्या नाहीत म्हणजे दाणा कोरडा होता, असे समजू नका. ओलावा थोडाच जास्त असला तर भाग लखलखीत निघतो आणि तरीही ठिसूळ असतो. खात्रीचा उपाय म्हणजे दाण्याचा आणि मोल्ड केलेल्या भागाचा मेल्ट फ्लो (वितळल्यावर ते किती सहज वाहते) ताडून पाहणे: ३०० अंश तापमान, १.२ किलो वजन. भागाचा आकडा दाण्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर साखळ्या तुटल्या आहेत. चाचणीआधी भागाचे तुकडेही सुकवून घ्या, नाहीतर नुकसान चाचणीतच होईल आणि दोष मोल्डिंगवर जाईल. रनर (मोल्डच्या वाटेत गोठून उरलेले प्लास्टिक) दळून पुन्हा वापरण्याचा मोह कनेक्टरच्या बाबतीत सोडाच.

थंड मोल्ड, घाईची सायकल

मोल्ड ८० ते १२० अंशांवर हवा. दोन सेकंद वाचवण्यासाठी तो ५० अंशांवर आणला की प्लास्टिक ताणलेल्या अवस्थेतच गोठते. पुढे ल्यूअरचा ताण त्यात मिसळतो आणि अल्कोहोल उरलेले काम करते. एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझर फिल्ममध्ये भाग ठेवून पाहा. गेटपाशी किंवा खोबणीत दाट, एकमेकांना लागून असलेले रंगीत पट्टे म्हणजे ताण भरलेला आहे. मोल्ड टेम्परेचर वाढवणे, पॅकिंग कमी करणे आणि आतल्या कोपऱ्यांना भिंतीच्या जाडीच्या निदान निम्मी गोलाई देणे, हे खरे उपाय. १२० ते १२५ अंशांवर ॲनीलिंग (भाग तापवून सावकाश थंड करणे) केल्याने ताण उतरतो, पण वाईट मोल्डिंगवर ते कायमचे पांघरूण होऊ देऊ नये. वेल्ड लाइनसाठी जमेल तिथे कोअरच्या टोकाला रिंग किंवा डायफ्रॅम गेट द्या. दोन गेट दिले तर सांधेही दोन होतात.

नळी जोडताना पीव्हीसी नळीचे टोक सायक्लोहेक्झानोनमध्ये बुडवून लगेच खोबणीत बसवतात. खोबणीतच सॉल्व्हंट ओतले तर तळाशी साचते आणि आतून भिंत खाते. तयार सेट वाफ निघून जाण्याआधी पिशवीत सीलबंद केले तरी तेच होते. यूव्ही गोंद वापरत असाल तर दाण्याचा ग्रेड तपासा: यूव्ही-स्टॅबिलाइज्ड पॉलिकार्बोनेट ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश अडवते, गोंद आत कच्चा राहतो आणि तो कच्चा गोंदच प्लास्टिक तडकवतो. अशा वेळी ४०५ नॅनोमीटरला घट्ट होणारा गोंद घ्यावा.

निर्जंतुकीकरण शेवटी ठरवणे

हा निर्णय मटेरियलच्या आधी व्हायला हवा. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून कोबाल्ट-६० वापरून वैद्यकीय माल निर्जंतुक करायला सुरुवात झाली. गॅमाचा नेहमीचा किमान डोस २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक). पण डोस खोक्यात सगळीकडे सारखा बसत नाही, कडेच्या मालाला ४० किलोग्रेही बसू शकतो. चाचणीचे नमुने त्या कमाल डोसचे हवेत. पॉलिकार्बोनेट पिवळसर होते, ताकद मात्र टिकते. त्याच सेटमधली साध्या पॉलिप्रोपिलिनची टोपी नंतर महिनोन्‌महिने ठिसूळ होत जाते, म्हणून तिला रेडिएशन ग्रेड लागतो. ॲसिटल आणि टेफ्लॉन गॅमाला देऊच नका. मुदतीची चाचणी (माल गरम ठेवून लवकर जुना करणे) ५५ अंशांवर घेतली, साठवण २५ अंश धरली आणि दर १० अंशांना वेग दुप्पट मानला, तर एक वर्ष सुमारे ४६ दिवसांत बसते.

तडकण्यावर उपाय म्हणून लिपिड सोसणारा वैद्यकीय कोपॉलिएस्टर (वेगळे प्लास्टिक) घेण्याचा विचार योग्य आहे. मात्र जुन्याच मोल्डमध्ये नवा दाणा टाकून पाहून मोकळे होऊ नका. पॉलिकार्बोनेटचे आकुंचन ०.५ ते ०.७ टक्के, नव्या दाण्याचे वेगळे निघाले तर ल्यूअरचा उतार आयएसओ ८०३६९-७ या ल्यूअर जोडांच्या मानकाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. दाणेवाल्याचे यूएसपी क्लास सहा (जैविक चाचणीचे) प्रमाणपत्र हे दाण्याचे असते. रंग, गोंद आणि निर्जंतुकीकरण यांच्यासह तयार झालेल्या उपकरणाची जैविक सुरक्षितता आयएसओ १०९९३ प्रमाणे वेगळी पाहावी लागते. बदललेल्या कनेक्टरची चाचणीही कोरडी घेऊ नका: नर भाग ठरलेल्या टॉर्कने आवळा, आत २० टक्के लिपिड इमल्शन भरा, बाहेरून ठरावीक वेळाने अल्कोहोलने पुसा, वापराच्या कमाल कालावधीइतका तसाच ठेवा आणि मग गळती तपासा. जुन्या दाण्याचे नमुने त्याच ट्रेमध्ये शेजारी ठेवा.