बाळ एनआयसीयूत असताना घरच्यांनी रोज काय करायचं

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत, आई टाके सांभाळत वॉर्डात, बाबा मेडिकलच्या रांगेत आणि आजी दाराबाहेरच्या बाकावर. पहिले दोन दिवस बहुतेक घरांचं असंच जातं. तिसऱ्या दिवशी मात्र घडी बसवायलाच हवी. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल तर प्रसूतीची जी मूळ तारीख दिली होती, तिच्या आसपासपर्यंतचा मुक्काम धरून चला.

औषध, ऑक्सिजन, सलाईन हे सगळं वॉर्ड बघेल. आईचं दूध मात्र वॉर्डाला काढता येत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी आधी या एका कामामागे उभं राहायचं.

जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांच्या आत, दूध काढायला सुरुवात करा. मग चोवीस तासांत किमान आठ वेळा, म्हणजे दर तीन तासांनी, आणि रात्रीची एक वेळ चुकवायची नाही. आईला झोपू द्यावं म्हणून घरचे प्रेमाने रात्रीची वेळ टाळतात आणि आठवड्याभरात दूध कमी होतं. भरलेलं स्तन रिकामं झालं नाही की शरीर दूध बनवणंच आवरतं घेतं. तिची झोप दिवसा भरून काढा. दोन वेळांच्या मधे भेटायला येणाऱ्यांना सरळ नाही म्हणा.

पहिले दोन दिवस चिकाचे चारदोन थेंबच येतात. त्याला ‘दूधच नाही’ म्हणू नका. ते थेंब १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून सिस्टरकडे द्या. हाताने काढताना अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेने दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणून दाबायची आणि सोडायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत, सालटं निघतात. धार मंदावली की दुसरी बाजू, मग परत पहिली. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात.

वाटी स्टीलची, झाकणाची, दहा मिनिटं उकळलेली. तिच्यावर आईचं नाव, तारीख आणि वेळ. वॉर्डात बाळाला अजून नाव नसतं, तिथे ते आईच्याच नावाने ‘बेबी ऑफ’ असतं. पायाची पट्टी, रक्ताची बाटली, दुधाची वाटी, सगळीकडे तेच नाव हवं. नाव नसलेलं दूध सिस्टर ओतून देतात आणि ते योग्यच आहे. खोलीत दूध चार तास ठेवता येतं, फ्रिजमध्ये साधारण चोवीस तास, तेही दारात न ठेवता आत. वॉर्डाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, वाटी कोमट पाण्यात धरा. दूध पुरत नसेल तर पावडरीआधी मानवी दूध पेढीची, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध जिथे मिळतं तिची, चौकशी करा. आशियातली पहिली पेढी १९८९ साली मुंबईतच, सायन रुग्णालयात सुरू झाली.

आत जाताना हिरवा चुडा, अंगठ्या, घड्याळ, मनगटावरचा धागा बाहेर काढून ठेवा आणि साबणाने कोपरापर्यंत चाळीस ते साठ सेकंद हात धुवा. नंतर मोबाईलला हात लागला तर पुन्हा धुवायचे. काजळ, अंगारा, मध, बाळगुटी यातलं काहीही बाळापाशी नेऊ नका. या बाळांना जंतुसंसर्ग फार चटकन होतो.

सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडू नये म्हणून तिला घरी ठेवणं इथे परवडत नाही. तिची जागा पेटीपाशी आहे, लागलं तर व्हीलचेअरवरून न्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळ छातीशी धरायचं, म्हणजे कांगारू पद्धत. पुढून उघडणारा गाऊन, बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. दोन्ही स्तनांच्या मधे उभं, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून पट्टा घट्ट. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास अडतो, एवढ्यावर सतत नजर हवी. एका वेळी किमान तासभर धरा, कारण पेटीतून उचलण्यानेच बाळ दमतं आणि स्थिरावायला त्याला वेळ लागतो. आधी लघवीला जाऊन, पाणी पिऊन बसा. आई दमली की बाबा किंवा आजीनेही धरावं, सर्दी-खोकला नसेल तर.

मॉनिटर वाजला की आधी बाळाचा रंग आणि छाती बघा, सिस्टरला हाक मारा, बटणाला हात लावू नका. पुष्कळदा पायाची लाल दिव्याची पट्टीच सरकलेली असते. ऑक्सिजनचा आकडा १०० का नाही, म्हणून घरचे हैराण होतात. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो मुद्दाम ९० ते ९५च्या दरम्यान ठेवतात. जास्त ऑक्सिजनने डोळ्यांचा पडदा बिघडतो.

राउंडला एकाच माणसाने बोलायचं, हातात वही घेऊन. आजचं वजन, दूध किती मिली आणि किती तासांनी, श्वासाला कोणता आधार, कालपेक्षा काय बदललं. चौघांनी चार वेळा विचारलं की चार वेगळी उत्तरं घरी पोहोचतात आणि त्यावरून भांडणं होतात. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी जरा जास्तही उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. शेजारच्या पेटीशी तुलना करू नका.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत असतं. खासगीत असाल तर पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, बिल हातात येईपर्यंत थांबू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी.

डब्यात भाकरी, डाळ, पालेभाजी, अळिवाची खीर असू द्या. दोन आठवडे उलटूनही आईचं रडणं थांबत नसेल तर तिच्या डॉक्टरांना सांगा.

घरी सोडताना एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमहून कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो आणि आत पडदा सुटत असतो. तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दिवस मोजायचे ते जन्मापासून, घरी आल्यापासून नाही.