स्पेनमध्ये सायकल चालवायचीय? जुना एन-६३० धरा

पश्चिम स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरा प्रदेशात मेरिदाहून कासेरेसला जाताना नवा ए-६६ महामार्ग सोडा आणि त्याला समांतर जाणारा जुना एन-६३० धरा. जवळपास सगळी वाहनं ए-६६ वरून जातात, त्यामुळे हा रुंद, डांबरी रस्ता बराचसा सायकलवाल्यांनाच मोकळा. अंतर साधारण ७० किलोमीटर. एका टोकाला रोमन नाट्यगृह, दुसऱ्या टोकाला तटबंदीतलं जुनं शहर. मुक्काम दोन्हीकडे करावा.

एप्रिल-मे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नकोच. वाटेत अल्देआ देल कानोसारखी मोजकीच गावं, दुपारी दोन ते पाच दुकानंही बंद, म्हणून पाणी सकाळीच भरून घ्या. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.