राकट फळी, सुबक अक्षरं: जुन्या वळणाची लाकडी पाटी कशी करावी

पाटी जुनी दिसावी म्हणून बरेच जण फळीबरोबर अक्षरंही खरवडतात. मग ती जुनी न दिसता नुसती खराब झालेली दिसते. झीज लाकडावर दाखवायची, अक्षरं मात्र स्वच्छ आणि एकाच वळणाची ठेवायची. खालची मापं 60 × 20 सेंटिमीटरच्या, 18 मिलिमीटर जाडीच्या पाटीची आहेत.

लाकूड

पाइन कापायला आणि घासायला सोपं. जुन्या खोक्यांच्या किंवा पॅलेटच्या फळ्याही छान दिसतात, पण आधी त्यांच्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे लाकूड फक्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली; ते घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा तेलकट डाग असतील तर तीही फळी सोडून द्या.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची पाटी पुढे हमखास वाकते. फळी काम करायच्या खोलीत दोन आठवडे, मध्ये काड्या घालून, हवा लागेल अशी ठेवा.

फळ्या जोडण्याआधी अक्षरं मांडा

घाईत हीच पायरी राहून जाते आणि पाटी इथेच बिघडते. समजा पाटीवर ‘मुलांची खोली’ लिहायचं आहे. शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षराची उंची 6 सेंटिमीटर धरली, तर वरच्या वेलांटी-मात्रेला 3 आणि खालच्या उकाराला 3 सेंटिमीटर लागतात. एकूण 12. वर-खाली 4-4 सेंटिमीटर मोकळे सोडले की 20 भरतात. फक्त 6 सेंटिमीटरचा हिशेब करून अक्षरं मोठी काढली, तर वेलांट्या काठाला जाऊन चिकटतात.

आता शिरोरेषा वरच्या काठापासून 7 सेंटिमीटरवर आली. पाटी तीन सारख्या फळ्यांची केली तर पहिला सांधा 6.7 सेंटिमीटरवर, म्हणजे शिरोरेषेला अगदी खेटून पडतो. रंग फटीत उतरतो आणि शिरोरेषेच्या डोक्यावर दुसरी काळी रेघ दिसते. त्यापेक्षा 10-10 सेंटिमीटरच्या दोन फळ्या घ्या. सांधा अक्षरांच्या मधून जातो, उभे दांडे तो ओलांडतात आणि वाचायला काही अडत नाही.

फळ्या मागून दोन उभ्या पट्ट्यांवर स्क्रूने बसवा. पट्टी 16 सेंटिमीटर लांब, 12 मिलिमीटर जाड. स्क्रू 25 मिलिमीटरचे. त्याहून लांब स्क्रू पुढून बाहेर डोकावतो. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. 20 सेंटिमीटरला दोनेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून पट्टीतली भोकं लांबट करा आणि गोंद लावू नका. घट्ट जखडलेली फळी तडकते.

जुनेपणा आणणं

आधी 80 आणि मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. त्यापुढे जाऊ नका, फार गुळगुळीत लाकूड रंग कमी पितं. मग वायर ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच जोर देऊन ओढा. मऊ भाग निघून जातो, कडक रेषा उठून दिसतात. अक्षरांच्या पट्ट्यात हात हलका ठेवा, खोल चरांवर रेघ सरळ येत नाही. कोपरे आणि कडा कानशीने असमान गोल करा, कारण खरी झीज तिथेच होते. हातोडीचे चार-पाच ठोके पुरेत, तेही विखुरलेले. हे सगळं रंगाआधी करा म्हणजे खळग्यांत रंग साचून ते गडद दिसतात.

करड्या रंगासाठी स्टील वूल साबणाने धुऊन, तेल काढून, व्हिनेगरमध्ये एक दिवस भिजवा. झाकण सैल ठेवा, आत हायड्रोजन वायू तयार होतो. जवळ ज्योत नको. पाणी कापडातून गाळून घ्या. लोह लाकडातल्या टॅनिनशी मिळून रंग काळसर करतं. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्या आणि वाळल्यावर हे पाणी लावा. रंग हळूहळू चढतो, म्हणून आधी तुकड्यावर बघा.

अक्षरं

कोऱ्या लाकडावर थेट रंग लावला की तो रेषांमधून पसरतो आणि अक्षरांना मिशा फुटतात. म्हणून रात्रभर वाळलेल्या फळीवर मॅट क्लिअर वार्निशचा एक पातळ हात द्या. पाइनच्या गाठींमधून राळ सुटून फिका रंग पिवळा पडतो. अक्षराखाली गाठ येत असेल तर तिच्यावर आधी चपड्याच्या पॉलिशचे दोन हात हवेत.

मजकूर खऱ्या मापात छापा, कागदाच्या पाठीवर खडू घासा, टेपने चिकटवा आणि बॉलपेनने गिरवा. शिरोरेषा फूटपट्टीने आखून चपट्या ब्रशने सगळ्यात आधी रंगवा; बाकी अक्षरं तिला लटकतात. अ‍ॅक्रेलिक रंगाचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर कडा फुगतात.

स्टेन्सिल वापरत असाल तर म, च, ख यांच्या पोटातली बंद जागा गळून पडते. तिथे 3 मिलिमीटरचे पूल ठेवा आणि नंतर बारीक ब्रशने भरा. ब्रश जवळजवळ कोरडा करून वरून टिपायचा, ओढायचा नाही. स्टेन्सिल रंग थोडा ओला असतानाच, स्वतःवर दुमडत, सावकाश काढा.

एक दिवसाने 220 नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेने, दोनदाच हलका फिरवा. तेवढ्याने उंच रेषांवरचा रंग जरा उतरतो. आडवा फिरवलात तर ओरखडे पडतात.

शेवटचा हात आणि टांगणं

घरातल्या पाटीला मॅट वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे दोन हात पुरतात. बाहेरच्या पाटीला उन्हाला टिकणारं बाहेरच्या वापराचं वार्निश, तीन हात. पाठीमागे आणि कापलेल्या टोकांनाही तितकेच हात द्या. टोकं ओल सर्वात जास्त पितात आणि एकाच बाजूला वार्निश असेल तर फळी वाकते. उकळलेलं जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

टांगायला दोन डी-रिंग मागच्या पट्ट्यांवर, वरून 5 सेंटिमीटरवर, एकाच उंचीवर लावा. स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते. एकाच खिळ्यावर टांगलेली पाटी दार आपटलं की तिरकी होते, म्हणून भिंतीत दोन स्क्रू घ्या. पाठीच्या खालच्या कोपऱ्यांना फेल्टचे दोन तुकडे चिकटवा. पाटी भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागे हवा खेळते.