मूल्यमापन न्याय्य कसे करावे: हा गुण नेमका कशाचा, ते आधी ठरवा

गणिताच्या पेपरात एक प्रश्न येतो. त्यात चार ओळींची गोष्ट, तीन माणसांची नावे, दोन अनावश्यक आकडे आणि शेवटी साधा गुणाकार. ज्या मुलीला गुणाकार उत्तम येतो पण वाचायला वेळ लागतो, ती हा प्रश्न सोडून पुढे जाते. तिला शून्य मिळते आणि ते गणिताच्या रकान्यात भरले जाते. तपासले गेले तिचे वाचन. परीक्षेतला अन्याय बहुतेक वेळा असाच होतो. पक्षपात कुणी केलेला नसतो, तरी मोजायचे एक असते आणि मोजले जाते भलतेच.

म्हणून पेपर काढण्यापासून निकाल लावेपर्यंत स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावा: हा गुण नेमका कशाचा?

१. काय करता आले पाहिजे, ते लिहून काढा

'विद्यार्थ्याला बाष्पीभवन समजते' या वाक्यावरून प्रश्न काढता येत नाही. समज डोळ्यांना दिसत नाही, कृती दिसते. म्हणून उद्दिष्ट क्रियापदात लिहावे: कारण सांगतो, दोन प्रसंगांची तुलना करतो, प्रयोग आखतो, दिलेल्या उत्तरातली चूक शोधतो. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये अशा उद्दिष्टांची पातळ्यांनुसार मांडणी केली. २००१ च्या सुधारित रूपात तिच्या सहा पातळ्या आहेत: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती. ही यादी पाठ करण्यापेक्षा आपले शिकवणे आणि आपला पेपर एकाच पातळीवर आहेत का, हे पडताळायला वापरावी. वर्गात उपयोजन करून घेतले आणि पेपरात व्याख्या विचारल्या, तर घोकंपट्टी करणारा पुढे जातो. उलट वर्गात नुसत्या व्याख्या लिहून दिल्या आणि पेपरात विश्लेषण मागितले, तर ज्याला घरी कुणी शिकवणारे आहे तोच तरतो. मला हा दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण तो 'दर्जेदार पेपर' म्हणून मिरवला जातो.

२. उद्दिष्टाला शोभेल असे साधन निवडा

बहुपर्यायी प्रश्नांनी कमी वेळात बराच अभ्यासक्रम तपासता येतो आणि तपासणाऱ्यागणिक गुण बदलत नाहीत. पण मूल त्या उत्तरापर्यंत कसे पोचले, हे त्यातून कळत नाही. दीर्घोत्तरी प्रश्नात विचारांची मांडणी दिसते, मात्र तपासणीत फरक पडतो. हाताने करायची गोष्ट प्रात्यक्षिकानेच तपासावी. तोंडी परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना तेवढेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि अडल्यास तेवढीच मदत द्यावी. एकाला हसून सूचना आणि दुसऱ्याला नुसती शांतता, असे होता कामा नये. प्रकल्प घरी करायला दिला की घरच्यांचा हात लागतोच. म्हणून त्यातला कळीचा भाग वर्गात करून घ्यावा किंवा प्रत्येकाशी पाच मिनिटे त्यावर बोलावे.

महत्त्वाचा निर्णय एकाच साधनावर अवलंबून ठेवू नये. मग संविधान तक्ता, म्हणजे पेपराचा आराखडा, करावा: उभ्या रकान्यांत उद्दिष्टे, आडव्या ओळींत घटक, चौकटीत गुण. सहा तास शिकवलेल्या घटकाला चार गुण आणि एका तासात उरकलेल्याला दहा, ही विसंगती तिथे लगेच दिसते.

३. प्रश्न असा लिहा की चुकीच्या समजुतीला बरोबर उत्तर मिळू नये

दशांश अपूर्णांकांची तुलना तपासायची आहे. '०.४ आणि ०.५६ यांतील मोठी संख्या कोणती?' असा प्रश्न दिला. बरीच मुले मनातल्या मनात ५६ आणि ४ यांची तुलना करतात, दशांश चिन्हाकडे पाहतच नाहीत. त्यांचेही उत्तर बरोबर येते आणि गुण मिळतो. आता आकडे बदला: ०.४ आणि ०.३५. तीच समजूत घेऊन आलेले मूल इथे ०.३५ म्हणेल. पहिल्या प्रश्नातला गुण कशाचा होता, हे शिक्षकालाही सांगता आले नसते. दुसऱ्यातला सांगता येतो. प्रश्न लिहून झाला की चुकीच्या पद्धतीने तो मुद्दाम सोडवून पाहावा.

पर्यायांचेही तसेच. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून आलेला असावा, नुसता भरतीचा नको. चार पर्याय हवेतच असा काही नियम नाही. मायकेल रॉड्रिग्ज यांनी ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात बहुतेक ठिकाणी तीन पर्याय पुरेसे असल्याचे दिसले.

चुकीच्या उत्तराला गुण कापावेत का? चार पर्याय असताना एकतृतीयांश गुण कापला, तर निव्वळ अंदाजाने सरासरीत काहीच हाती लागत नाही. हिशेब बरोबर आहे. पण थोडेफार येत असूनही घाबरून प्रश्न सोडणारे मूल त्यात मागे पडते आणि बिनधास्त मूल पुढे जाते. वर्गातल्या चाचणीत तरी मी गुण कापू नयेत असेच सांगेन. धाडस मोजणे हे आपले उद्दिष्ट नव्हते.

४. गुणदान योजना पेपरासोबतच लिहा

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीचा एकच पेपर शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतला. गुण २८ पासून ९५ पर्यंत पडले. भूमितीत! कुणी टापटिपीला गुण दिले, कुणी पायऱ्यांना, कुणी फक्त अंतिम उत्तराला. त्यांच्यात काय मोजायचे यावरच एकमत नव्हते.

यावर उपाय म्हणजे तपासायला बसण्याआधीच गुणांची फोड करणे. समजा प्रश्न असा आहे: 'रोपाच्या वाढीवर प्रकाशाचा परिणाम तपासण्यासाठी प्रयोग आखा. (५ गुण)' त्याची फोड अशी करता येईल:

- फक्त प्रकाश बदलला आहे: १ गुण
- पाणी, माती, कुंडी यांपैकी किमान दोन गोष्टी सारख्या ठेवल्या आहेत: २ गुण
- काय मोजणार आणि किती दिवसांनी, हे सांगितले आहे: १ गुण
- प्रत्येक गटात एकाहून जास्त रोपे आहेत: १ गुण

यात अक्षराला गुण नाही, लांबीला नाही, शुद्धलेखनालाही नाही. एखाद्याने नुसती नावे दिलेली आकृती काढली आणि तिच्यात हे चारही मुद्दे दिसत असतील, तर पूर्ण गुण. हा निर्णय आधीच लिहून ठेवावा. गठ्ठा अर्धा संपल्यावर घेतला तर वरच्या पेपरांना एक न्याय आणि खालच्यांना दुसरा. ही फोड मुलांनाही आधी दाखवावी. अपेक्षा गुप्त ठेवल्याने परीक्षा कठीण होत नाही, ओळखीवर चालणारी होते: ज्याला 'सरांना काय आवडते' ते माहीत, त्याचे फावते.

तपासताना नाव झाकावे. एकेका मुलाचा सगळा पेपर तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे करावे. पहिल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडते. माणसांविषयीच्या मतांत अशी छाप कशी पसरते, हे एडवर्ड थॉर्नडाईक यांनी १९२० मध्येच दाखवले होते. दर प्रश्नाला गठ्ठ्याचा क्रम बदलावा. शेवटी सुरुवातीचे पाच-सहा पेपर पुन्हा पाहावेत. हात सैल किंवा कडक झाला असेल तर तिथे कळते.

५. अडथळे काढा, कसोटी नाही

कमी दिसणाऱ्याला मोठा टाइप, लिहिता न येणाऱ्याला लेखनिक, सावकाश वाचणाऱ्याला जादा वेळ. ही मेहेरबानी नाही, योग्य मोजमापाची अट आहे. कोणती सवलत द्यायची, हे पहिल्या पायरीतले क्रियापद सांगते. गणिताचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला तर बिघडत नाही. वाचनाच्या चाचणीत उतारा वाचून दाखवला तर चाचणीच उरत नाही. वेगाला महत्त्व नसेल, तर बहुतेकांचा पेपर वेळेआधी संपेल एवढा वेळ सगळ्यांनाच द्यावा.

६. शिस्तीचे गुण वेगळे ठेवा

उशिरा दिलेली वही, विसरलेला गृहपाठ यांची नोंद जरूर व्हावी, पण विषयाच्या गुणांत नको. ८०, ८५, ७५ मिळवणाऱ्या मुलाने चौथे काम दिलेच नाही आणि आपण शून्य टाकले, तर त्याची सरासरी ८० वरून ६० वर येते. त्या ६० वरून त्याला विषय किती येतो हे कुणालाच कळणार नाही. काम करून घ्यावे, आणि उशिराची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.

७. सरावाला गुण लावू नका

शिकत असताना झालेल्या चुका अंतिम निकालात मोजणे मला पटत नाही. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण शेजारी आला की शेऱ्याचा उपयोग होईना. तेव्हा सरावाच्या वहीवर आकडा टाकू नये. 'कारण बरोबर आहे, पण पुरावा दिलेला नाही. उताऱ्यातले एक वाक्य जोड' एवढे लिहावे आणि ते जोडायला वेळ द्यावा.

८. निकालाआधी पेपराची परीक्षा घ्या

प्रत्येक प्रश्न किती जणांनी बरोबर सोडवला ते मोजावे. मग एकूण गुणांत वरच्या गटाने आणि खालच्या गटाने तो कसा सोडवला याची तुलना करावी. वरच्या गटातली मुले चुकली आणि खालच्यातली बरोबर आली, तर आधी उत्तरसूची तपासावी, मग प्रश्नाची भाषा. संदिग्ध प्रश्नात दोन उत्तरे पटण्याजोगी असतील तर दोन्हींना गुण द्यावेत. प्रश्नच चुकीचा असेल तर तो सरसकट वगळणे सोपे, पण त्यावर वेळ घालवलेल्यांचे नुकसान होते; अशा वेळी सगळ्यांना पूर्ण गुण देणे मला जास्त रास्त वाटते. काय केले आणि का, हे वर्गात सांगावे, आणि फेरतपासणी मागायला चार-पाच दिवस द्यावेत. ती मागणाऱ्याने आपल्या उत्तरातली ओळ आणि गुणदान योजनेतला मुद्दा दाखवावा, एवढीच अट पुरे.