चार्ज घेतलाय ना, मग आधी वर्गात मागे बसायला शिका

जूनमध्ये मुख्याध्यापकाचा चार्ज गळ्यात पडला की पहिले दोन महिने माणूस कागदातच जातो. यू-डायस म्हणजे शाळेची सरकारला ऑनलाइन भरून द्यायची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, पोरांचे आधार, व्यवस्थापन समितीची मीटिंग, आणि व्हॉट्सअपवर दर तासाला "तात्काळ माहिती सादर करावी". त्यात कायद्यानं पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 150 च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक, म्हणजे आपल्या खान्देशातल्या बहुतेक खेड्यांत चार्जवाला माणूस वर्ग घेऊनच बाकीचं सगळं ओढतो. अशात दुसऱ्याच्या वर्गात कधी बसायचं? तरी बसा. कसं बसायचं ते सांगतो, कारण मी स्वतः आधी तीन वर्षं चुकीचंच बसलो.

चुकीचं म्हणजे असं, की खुर्ची मागवायची, तपासणीचे शेरे लिहायचं लॉगबुक मांडीवर घ्यायचं, मॅडमला घाम फुटायचा, पोरं एकदम देवासारखी गप्प, आणि शेवटी मी लिहायचो "फलकलेखन सुवाच्य. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा." सही, शिक्का, चहा. त्या वाक्यानं कोणाचं काय भलं झालं भो?

तर पहिलं काम, आपला वर्ग आधी उघडा. सोबतच्या मॅडमला म्हणा, माझ्या तासाला येऊन बसा आणि एकच गोष्ट बघा. मी विचारलं होतं की प्रश्न टाकल्यावर मी किती वेळ थांबतो तेवढं बोटावर मोजा. त्यांचं दुसरं बोट उघडायच्या आत मी उत्तर सांगून मोकळा व्हायचो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक साधारण 1 सेकंद थांबतात आणि 3 सेकंद थांबले तर पोरांची उत्तरं लांब होतात, जास्त पोरं बोलायला लागतात. आपल्याकडे तर अजून एक कारण आहे. पोरगं प्रश्न ऐकतं मराठीत, डोक्यात फिरवतं अहिराणीत, उत्तर येतं अहिराणीत, ते परत पुस्तकी मराठीत बसवतं आणि मग हात वर करतं, तोवर सर पुढच्या पानावर.

आता बसायचं कुठे. खुर्ची नको, पोरांच्या आसनपट्टीवरच बसा, 20 मिनिटं खूप झाली. अख्खा वर्ग बघायला जाऊ नका, तीन पोरं धरा, एक कायम हात वर करणारं, एक कधीच न बोलणारं, आणि एक मधेमधे गायब होणारं. वहीत फक्त त्यांनी काय केलं, काय बोलले ते लिहा, त्यांच्याच भाषेत, आपलं मत नाही. "छान", "कच्चा आहे", "लक्ष नाही" असले शब्द हात धरून थांबवायचे.

एक उदाहरण सांगतो. दुसरीचा वर्ग, 42 वजा 17. मॅडम फळ्यावर हातचा समजावतायत, एक पोरगी मस्त मान डोलावतेय आणि वहीत लिहिलंय 35. मागच्या भेटीत मी "हातच्याचा सराव घ्यावा" लिहून निघून गेलो असतो. या वेळी सुट्टीत तिला विचारलं, कसं केलं गं? म्हणे, "सर, दोनमाईन सात निंघत नही, मंग सातमाईन दोन काढात." दोनातून सात निघत नाहीत, मग सातातून दोन काढले. म्हणजे पोरगी नियमानं चालली होती, नियम तिचा स्वतःचा होता.

हे मॅडमला कसं सांगायचं हा खरा अवघड भाग आणि इथंच बरेचजण माती खातात. ऑफिसात टेबलाच्या पलीकडे बसवून सांगू नका, स्टाफसमोर तर नाहीच. मी शाळा सुटल्यावर एसटीच्या फाट्यापर्यंत चालताना बोलतो. आणि सल्ल्यानं सुरुवात करायची नाही, प्रश्नानं करायची. "मॅडम, त्या पोरीचं 35 कसं आलं असेल?" एवढं विचारा आणि तोंड बंद ठेवा. जीभ वळवळते, माहितीये. मॅडम दहा पावलं गप्प चालल्या आणि स्वतःच म्हणाल्या, अहो तिनं उलटं वजा केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वावरातून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधले, आणि पोरीला 42 मधून 17 द्यायला सांगितले. तिला गठ्ठा सोडावाच लागला. मी काहीच शिकवलं नव्हतं. एका भेटीत एकच गोष्ट काढा, आठ दिवसांनी तीच परत बघा.

ही वही लॉगबुकपासून वेगळी ठेवा, साधी वीस रुपयांची. ऑफिशियल तपासणीची नोंद जिथं करायची तिथं करा, पण हिच्यातलं एक अक्षर तिकडे गेलं की पुढच्या वेळी तुम्हाला नाटकच बघायला मिळणार. ग्रुपवर फोटो तर टाकूच नका.

जुने गुरुजी चिडतात. मला एकानं तोंडावर सांगितलं, बत्तीस वर्षं शिकवतोय, तू काय पाहशील माझं. मी वाद घातला नाही, त्यांना म्हटलं तुम्ही पहिलीला वाचायला कसं बसवता ते मला शिकायचंय, आणि खरंच शिकायचं होतं.

वेळ पण बघून निवडा. कापूस वेचणीच्या आठवड्यात अर्धा वर्ग वावरात असतो, तेव्हा बसून काय दिसणार. पण नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला असाल तर होळीचा आठवडा सोडू नका. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं तेव्हा परततात. परत आलेलं पोर कुठं बसतं, त्याला वही कोण देतं, पहिल्या तासाला कोणी त्याचं नाव घेतं का, एवढंच लिहा. तिकडे बोली भिली-पावरी, माझी अहिराणी काही कामाची नव्हती, चौथीतली एक पोरगी माझी दुभाषी झाली होती.

शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीला, केंद्रावर जाताना पीपीटीच्या ऐवजी या वहीतलं एक पान घेऊन जा. आपल्याकडे भाषणांत साने गुरुजी येतातच, अमळनेर जवळ पडलं. पण ते प्रताप हायस्कूलला असताना वसतिगृहातल्या पोरांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, एवढं रोज पोरांत राहायचे, हा भाग कोणी घेत नाही. 35 वालं पान मी वाचलं तेव्हा चार शाळांचे सर म्हणाले, आमच्याकडे पण हेच येतं.

आता दोनशिक्षकी शाळेचं काय. 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, एक बघायला गेला तर दुसरा वर्ग गोंधळ घालणार. पहिली-दुसरी एकत्र बसवा, एकानं शिकवा, दुसरा पट्टीवर. तेही जमत नसेल तर मोबाईल खिशात ठेवून आपलाच 15 मिनिटांचा तास रेकॉर्ड करा आणि घरी एकट्यानं ऐका. मी ऐकला. पंधरा मिनिटांत मी 23 वेळा "समजलं का?" म्हटलं होतं आणि पोरांनी 23 वेळा एका सुरात "होऽऽ सर" म्हटलं होतं.