ठिपका हलतोय म्हणजे ससाणा जिवंत आहे असं नाही

अमूर ससाण्याच्या ट्रॅकिंगमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाचं लक्ष नोव्हेंबरवर असतं. नागालँडमधला दोयांग जलाशय, वाळवी खाऊन गुबगुबीत झालेले पक्षी, मग अरबी समुद्रावरची न थांबता मारलेली मजल. लोणावळ्याला याच सुमारास तो दिसतो, त्यामुळे आपल्याकडेही तेवढ्यापुरती चर्चा होते. पण डेटा वाचणाऱ्याचा कस लागतो मे-जूनमध्ये. तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडून निघालेला पक्षी ईशान्य चीन आणि अमूर नदीच्या खोऱ्यात विणीसाठी पोचतो आणि थांबतो. उडणाऱ्या पक्ष्याचा डेटा कुणीही वाचेल. थांबलेल्याचा वाचताना भलेभले फसतात.

परवानग्या, पायातली कडी, टेफ्लॉनच्या पट्ट्यांचं हार्नेस हे तुम्हाला माहीत असेलच. वजनाचं गणित तेवढं स्वतः करा. २०१३ साली भारतीय वन्यजीव संस्थेने हंगेरीच्या तज्ज्ञांसोबत नागालँडमधल्या पांगती गावाजवळ ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ या ससाण्यांवर बसवलेले सौर टॅग (उपग्रहाला सिग्नल पाठवणारी छोटी यंत्रं) ५ ग्रॅमचे होते. टॅग पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांत बसवायचा तर पक्षी १६७ ग्रॅमचा हवा. अमूर ससाणा सहसा त्याहून हलका असतो, म्हणून चरबी चढलेला पक्षी निवडतात. ‘थोडं इकडेतिकडे चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता मुख्य सापळा. टॅगचे सिग्नल टिपून त्याची जागा सांगणारी आर्गोस ही उपग्रह प्रणाली जीपीएससारखी चालत नाही. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह डोक्यावरून जाताना सिग्नलच्या वारंवारतेत जो फरक पडतो, त्यावरून ती जागेचा अंदाज बांधते. प्रत्येक गणिताला दोन उत्तरं निघतात, उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. चुकीचं उत्तर निवडलं गेलं की ससाणा अचानक शेकडो किलोमीटर दूर दिसतो. हा घोळ निदान डोळ्यांत भरतो. बारीक घोळ वर्गांत असतो. प्रत्येक नोंदीला तिच्या अचूकतेचा एक वर्ग मिळतो, त्याला एलसी (लोकेशन क्लास) म्हणतात. एलसी ३ म्हणजे २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० पर्यंत, १ म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत, ० त्यापलीकडे. ए आणि बी यांना अचूकतेचा अंदाजच नसतो. शिवाय या मर्यादा साधारण दर तीनपैकी दोन नोंदींनाच लागू पडतात. २५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास ४८ एकर. त्यात घरटं शोधायचं, आणि तिसरी नोंद त्याच्याही बाहेर!

याचा अर्थ असा की जमिनीवर पडलेला टॅगसुद्धा नकाशावर ‘फिरतो’. रोज वेगळे ठिपके, दोनेक किलोमीटरचा घेर. बघणाऱ्याला वाटतं, घरट्याभोवती शिकार चाललीय. त्यात तो पॅनल वर करून पडला असेल तर दिवसभर ऊन मिळतं, बॅटरी टम्म भरलेली राहते आणि नोंदी एलसी ३ च्या येत राहतात. हंगामातला सगळ्यात सुंदर डेटा मेलेल्या पक्ष्याचा असू शकतो.

उलटही होतं. अमूर ससाणा स्वतः घरटं बांधत नाही, मॅगपायसारख्या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांची जुनी घरटी वापरतो. मॅगपायच्या घरट्याला काटक्यांचं छप्पर असतं. आत अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या पाठीवर ऊन पडत नाही, व्होल्टेज घसरतं, सिग्नल बंद होतो. नवखा माणूस ‘मृत’ लिहून मोकळा होतो.

म्हणून आधी नकाशा मिटा आणि सेन्सरचे रकाने उघडा. हालचालीचा आकडा लागोपाठ तीन आवर्तनं (टॅग चालू-बंद होण्याच्या फेऱ्या) जराही बदलला नाही, तर काळजी करा. तापमान बघा: जिवंत पक्ष्याच्या पाठीवरचा टॅग रात्रीही हवेपेक्षा उबदार राहतो. पडलेला टॅग रात्री हवेइतका गार होतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. हे दोन्ही जुळलं, तरच शंका धरा. एका रकान्यावरून निकाल देऊ नका.

वेळही सांभाळा. आर्गोसच्या नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. जूनमध्ये हार्बिनला सूर्य तिथल्या पावणेचारच्या सुमारास उगवतो. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचा सव्वा वाजलेला असतो. भारतीय वेळेत आलेख काढलात तर पक्षी मध्यरात्री शिकार करताना दिसेल. त्यातच हे टॅग बहुधा १० तास चालू, ४८ तास बंद अशा पाळीवर असतात. म्हणजे ५८ तासांचं आवर्तन. चालू होण्याची वेळ दर खेपेला १० तासांनी सरकते. आज सकाळी ६, पुढे दुपारी ४, मग रात्री २. दिवसाच्या नोंदीची तुलना रात्रीच्या नोंदीशी केली की तापमानाबद्दल वाटेल ते सिद्ध करता येतं.

मधल्या ४८ तासांत, ताशी ४० किलोमीटर धरले तरी, १,९२० किलोमीटर कापून होतात. नकाशावरची ती सरळ रेघ सॉफ्टवेअरने ओढलेली असते, पक्षी तिच्यावरून गेलेला नसतो. वॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत नकाशांबद्दल माझं मत यामुळेच वाईट आहे. मूव्हबँक या प्राण्यांच्या ट्रॅकिंग डेटाच्या संकेतस्थळावर चुकीच्या नोंदी गाळणारा डग्लस फिल्टर तयार मिळतो, जरूर वापरा, पण वेगमर्यादा फार खाली ठेवू नका. पाठीशी वारा असला की खऱ्या नोंदीही गाळल्या जातात. आणि मार्गदर्शक निवडताना पक्षी हातात देऊन फोटो काढू देणारा नको, कच्चा तक्ता पुढ्यात टाकून ‘वाच’ म्हणणारा बघा. पहिले दोन महिने त्या तक्त्यातलं काही कळत नाही. तसंच असतं, घाबरू नका. वर्ग आणि व्होल्टेज एकत्र वाचायची सवय हळूहळू लागते.

अंडी उबायला सुमारे महिना, पिल्लं उडायला आणखी जवळपास तेवढाच. त्यामुळे जूनमध्ये गप्प झालेल्या मादीची फाइल ऑगस्ट संपेपर्यंत उघडीच ठेवा, आणि शेऱ्यात ‘मृत’ऐवजी ‘सिग्नल नाही’ लिहा.