सायकलच्या डायनॅमोवर मोबाइल चार्जिंग: माझा अनुभव

गंगापूर रोडला सिग्नल लागला की चार्जिंग तुटायचं, पुन्हा पायडल मारलं की मोबाइल 'टुंग'! या चालू-बंदमध्ये स्क्रीन उजळूनच बॅटरी उतरायची. बॉटल डायनॅमो (टायरला घासून फिरणारा) ६ व्होल्ट, ३ वॅटचा, तोही एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट. तो एका दिशेचा करणाऱ्या ब्रिजमधल्या साध्या डायोडमध्येच जवळपास दीड व्होल्ट जायचा. त्यांच्या जागी कमी व्होल्टेज खाणारे शॉट्की डायोड लावले, पुढे चढउतार सपाट करायला मोठा कपॅसिटर, जादा व्होल्टेज अडवायला झेनर डायोड (उतारावर लोड नसला की व्होल्टेज भलतंच चढतं) आणि व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर. पण खरा फरक पडला तो मध्ये जुनी पॉवर बँक लावल्यावर. ती असला तुटक करंट बिनतक्रार घेते. अंधार पडला की चार्जिंग बंद, फक्त लाइट. ३ वॅटात दोन्ही भागत नाही.